पानगळीचे छायाचित्र : कॅमेरा की मोबाइल?

पानगळ म्हटली की परदेशी दिनदर्शिकांवरील लाल-पिवळी झाडे डोळ्यांपुढे येतात. आपल्या कर्जत-खालापूर परिसरातील पानगळ निराळी आहे. ती थंडीने नव्हे, तर जमिनीतील ओल आटत गेल्याने होते. उन्हाळा जवळ येऊ लागला की साग तपकिरी होऊन पाने टाकतो. त्याच सुमारास निष्पर्ण पळस व काटेसावर फुलतात आणि पाठोपाठ कुसुमाला तांबडी पालवी फुटते. गळती आणि बहर एकाच उतारावर शेजारी नांदतात. हे दृश्य पानन्‌पान रेखीव न दाखवता केवळ रंग व प्रकाश यांतून कसे पकडावे आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागतोच काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो, कॅमेरा नसतो. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

चित्रकलेतील दृक्‌प्रत्ययवाद्यांचे पहिले प्रदर्शन १८७४ साली पॅरिसमध्ये भरले, तेही नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत. वस्तूचा तपशील नव्हे, तर डोळ्यांवर क्षणभर उमटणारा तिचा ठसा रंगवावा, अशी त्यांची धारणा होती. छायाचित्रात हा परिणाम साधण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे शटर उघडे असताना कॅमेरा हेतुपुरस्सर हलविणे. सुमारे १/४ ते १/८ सेकंदात कॅमेरा खालून वर नेला, की खोडे उभ्या रेषा म्हणून टिकतात आणि पाने-फुले एकमेकांत मिसळून रंगांचे पट्टे होतात. हालचाल शटर दाबण्यापूर्वी सुरू करावी, म्हणजे आरंभी धक्का बसत नाही. अडचण येते ती उन्हाची. भर उन्हात आयएसओ १०० ठेवून कॅमेऱ्याचे छिद्र एफ/२२ इतके बारीक केले, तरी शटर सुमारे १/५० सेकंदच उघडे ठेवता येते. प्रकाश आठपट कमी करणारा करडा फिल्टर लावला की ते १/६ सेकंदावर येते. काम भागले!

मोबाइलचे छिद्र मात्र बहुधा कायमचे मोठे, एफ/१.८ च्या आसपास असते. त्याच उन्हात आयएसओ ५० वरही त्याला १/४००० सेकंदाच्या जवळपास जावे लागते. १/६ सेकंद गाठायचे तर प्रकाश सहाशेपटींहून अधिक कमी करावा लागेल. शिवाय मोबाइलची सारी बुद्धी हाताची थरथर पुसण्यासाठी खर्च होते. तो अनेक झटपट चित्रे घेतो, ती एकमेकांवर जुळवून बसवितो आणि आपल्याला हवी असलेली अस्पष्टता दोष समजून काढू पाहतो. शटरचा वेग हाताने ठरवू देणारे ॲप वापरून संध्याकाळपर्यंत थांबता येते. परंतु तोवर पळसाची झळाळी ओसरलेली असते. या मार्गात कॅमेराच श्रेष्ठ, हे मान्य केले पाहिजे.

दुसरा मार्ग पेप व्हेंतोसा या छायाचित्रकाराने झाडांच्या मालिकेतून परिचित केला. एकाच झाडाभोवती फिरत अनेक चित्रे घ्यायची आणि ती पारदर्शक करून एकावर एक ठेवायची. येथे प्रत्येक चित्र स्पष्ट असले तरी चालते. म्हणून मोबाइलची अडचण उरत नाही. कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरील पळसदरी परिसरात एका पळसाभोवती मी दहा-बारा पावलांवर थांबत मोबाइलने चित्रे घेतली. प्रत्येक वेळी खोड चौकटीच्या मध्यावर आणि अंतर सारखे ठेवले. नंतर ती मोबाइलवरच एकत्र केली. खोड स्थिर राहिले, फांद्या विरल्या आणि फुलांचा केशरी धूर तेवढा उरला. सागापेक्षा पळसावर हा प्रयोग अधिक साधला, कारण पळसाचे वाकडेतिकडे खोड दर पावलाला नवा आकार देते. सरळसोट सागासाठी मात्र पहिला मार्गच अधिक योग्य वाटतो.

तात्पर्य, आधी झाड पाहावे, मग साधन ठरवावे. तयार चित्रावर बोट ठेवून ‘रंगचित्र’ बनविणारी ॲप्सही आहेत. पण ती साग आणि पळस यांना एकाच कुंचल्याने रंगवितात. वरील दोन्ही मार्गांत निर्णय झाडापुढे उभे राहून घ्यावा लागतो. ज्यांच्यापाशी कॅमेरा नाही, त्यांनी येत्या फाल्गुनात एक पळस निवडावा आणि त्याला प्रदक्षिणा घालावी. खर्च काही नाही. पाहणे मात्र पुष्कळ होईल.