वियोगाची हकीकत आणि अर्थाचा शोध

जिवलग माणूस गेल्यावर मागे राहिलेले माणूस त्या सहवासाची हकीकत पुन्हा पुन्हा सांगू लागते, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. सामाजिक मानसशास्त्राने मात्र ती संशोधनाचा विषय म्हणून बरीच उशिरा हाती घेतली. फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शोकाला एक प्रकारचे काम मानले होते. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे, हे ते काम. शोकाची स्वाभाविक परिणती अलिप्ततेत होते, हे गृहीतक त्यानंतर दीर्घकाळ टिकून राहिले.

रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली विभक्त पतिपत्नींविषयीच्या आपल्या ग्रंथात वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. विभक्त झालेली व्यक्ती आपल्या संसाराची एक सुसंगत हकीकत रचते. तीत पात्रे, प्रसंग, कारणे आणि दोषाची वाटणी असते. पतीची हकीकत व पत्नीची हकीकत यांत इतकी तफावत असू शकते की, संसार एकच होता यावर ऐकणाराचा विश्वास बसू नये. पुढे जॉन हार्वी, अ‍ॅन वेबर आणि टेरी ऑरबक यांनी १९९० च्या ग्रंथात ही संकल्पना विस्तारली व हकीकत ऐकून घेणाऱ्या विश्वासू व्यक्तीला तीत महत्त्वाचे स्थान दिले.

हकीकत रचली की अर्थ सापडतो आणि अर्थ सापडला की मन सावरते, असे समीकरण यातून सहजच मांडले गेले. ख्रिस्टोफर डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. तान्हे मूल अकस्मात दगावलेले आईबाप, तसेच वाहन अपघातात पती, पत्नी किंवा अपत्य गमावलेली माणसे, यांच्या मुलाखतींवर हा अभ्यास आधारलेला आहे. त्यांतील काहींनी अर्थाचा शोध घेतलाच नव्हता, आणि तरीही ती बऱ्यापैकी सावरली होती. शोध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना अर्थ सापडला. आणि ज्यांना सापडला त्यांचाही शोध थांबला नाही. साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे असा निष्कर्ष हाच. अर्थ ही एकदा हाती लागून संपणारी वस्तू नसेल, तर शोकाच्या कथनाचा शेवट कोठे शोधायचा?

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. मधल्या नऊ वर्षांत रमाबाईंनी स्वतःला सार्वजनिक कार्यात झोकून दिले आणि १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाचा आरंभ झाला. आठवणींचा ओघ मात्र पतीच्या मृत्यूशी येऊन थांबतो. वैधव्याचा अर्थ लेखिकेने कसा लावला, याचे थेट उत्तर त्यांत मिळत नाही. ते काही अंशी शीर्षकातील 'आमच्या' या शब्दात आहे, असे म्हणता येईल. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन व स्टीव्हन निकमन यांनी १९९६ साली, मृत व्यक्तीशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते, अशी मांडणी केली. त्या अनेकवचनाने हेच सुचविले आहे. अर्थात पतिनिष्ठेच्या तत्कालीन शिष्टाचाराचा वाटाही यात आहेच. छापील आठवणींना मुलाखतीची नोंद समजणे ही ढोबळ चूक ठरेल.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पतिपत्नींची ताटातूट झाली. पती हयात, पण संसार हरपलेला, ही अवस्था वाइसच्या विभक्तांशी जुळणारी आहे. फरक इतकाच की, ती माणसे वियोगात असताना बोलत होती, तर लक्ष्मीबाई पुनर्मीलन आणि १९१९ चा पतिवियोग या दोन्हींनंतर लिहीत आहेत. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. साहजिकच ताटातुटीच्या प्रत्येक प्रसंगावर पुढील दोन घटनांची छाया आहे. त्या प्रकरणांतील विनोद हा सावरल्याचा पुरावा मानायचा, की गेलेल्या पतीशी जुने भांडण चालू ठेवण्याची ती एक रीत आहे, हे प्रकरणागणिक वाचूनच ठरवावे लागेल. तेथे प्रश्नावली उपयोगी पडणार नाही.