झाकण उघडले, टब थांबला का?

पुण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळा. जुने वाडे गेले, अंगणे गेली. उंच इमारतींत दोरी बांधायलाही जागा पुरत नाही. कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, कुबट वास येतो. म्हणून घरोघर कपडे धुण्याचे यंत्र आले. आता ते खेड्यांतही आले आहे. काही यंत्रांना दोन टब असतात. एकात कपडे धुतात, दुसऱ्यात पिळतात. पिळण्याच्या टबाला लोक ड्रायर म्हणतात.

हा ड्रायर कपडे तापवत नाही. आपण राखणीला बसलो की गोफण फिरवतो. तेव्हा दगड बाहेर ओढ घेतो ना? तसेच येथे होते. टब मिनिटाला सुमारे १३०० ते १४०० फेरे घेतो. कपड्यांतले पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते.

आमच्या शेजारची गोष्ट सांगतो. झाकण उघडले तरी त्यांचा टब बराच वेळ फिरत राही. आम्ही विचारले, तर सूनबाई म्हणाली, "गुरुजी, महिनाभर असंच चाललंय. काही होत नाही हो." एके दिवशी पाच वर्षांच्या नातवाने झाकण उघडून आत हात घातला. आजीने मागून दंड धरून ओढले, म्हणून हात वाचला. फिरत्या कपड्यात बोटे अडकली, तर हात पिळवटून निघतो. त्याच दिवशी मिस्त्री आला. ब्रेक झिजला होता. दुरुस्ती तासाभरात झाली.

बरे का, झाकण उचलले की वीज तुटली पाहिजे आणि ब्रेक लागला पाहिजे. झाकण उचला आणि सावकाश १५ आकडे मोजा. तेवढ्यात टब पुरता थांबला नाही, तर यंत्र बंद ठेवा.

आणखी खुणा अशा :

१. टब धडधडतो. आधी बंद करा. कपडे एका बाजूला गोळा झाले असतील, ते सारखे पसरा. तरीही धडधडला, तर मिस्त्रीला बोलवा.

२. नुसती घुरघुर होते, टब फिरत नाही. लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळेल. टबाखाली रुमाल किंवा मोजा अडकला असेल. नाहीतर कपॅसिटर गेला असेल.

३. यंत्राखाली पाणी साचते. टबाखालचे रबर फाटले असेल. ते पाणी मोटरीवर पडू शकते.

४. जळका वास येतो. ताबडतोब बंद करा.

५. हात लावताच झिणझिण्या येतात. ही खूण सर्वांत वाईट. चप्पल घातली म्हणून भागत नाही. यंत्राला पुन्हा हात न लावता घराचे मुख्य बटण बंद करा. घराचे अर्थिंगही तपासून घ्या.

यंत्र स्वतः उघडू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असू शकते. ते काम मिस्त्रीचे.

चार दिवस कपडे हाताने पिळले, तर मनगट दुखेल. पण मनगट शाबूत राहील.

प्रश्न
१. ड्रायर कपड्यांतले पाणी कसे काढतो?
२. झाकण उचलल्यावर किती आकडे मोजावेत?
३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या यंत्राची अशी परीक्षा करा. काय दिसले ते वहीत लिहा.