डांबरावरचा आरसा काढून टाक

निर्मळ, ता. वसई

चि. मुक्ता हिस,


तू संगणकावर केलेले मृगजळाचे चित्र पाहिले. ताडाची झाडे, डांबराचा रंग, सगळे देखणे उतरले आहे. पण डांबरावर आरसा टाकून तू काम भागवलेस, ते मला पटले नाही. आरशातले प्रतिबिंब पायाशीही दिसते. मृगजळ कायम दूरच राहते, आपण पुढे गेलो की तेही सरकते.

तू किरणच वाकव. तापलेली हवा विरळ होते, तिचा अपवर्तनांक उतरतो: 35 अंश सेल्सिअसला साधारण 1.00026, 55 अंशांना 1.00024. एवढ्याशा फरकावर किरण वर वळायचा तर तो जमिनीशी जेमतेम एक तृतीयांश अंशाचा कोन करून आला पाहिजे. म्हणून दीड मीटरवरच्या डोळ्याला ते ‘पाणी’ सुमारे अडीचशे मीटरच्या अलीकडे दिसत नाही.

सुट्टीत इकडे ये. आपल्या वाडीच्या सावलीत हे दिसायचे नाही, कळंबच्या पुळणीवर जाऊ. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू भर दुपारी तापली की आधी उभ्याने बघ, मग गुडघे टेकून डोळे वीतभर उंचीवर आण. पाणी झपकन जवळ येईल. तिथेच वाळूपासून दोन बोटांवर, वीतभर वर, गुडघ्याशी आणि छातीशी तापमान मोज. थर्मामीटरवर ऊन पडू देऊ नकोस. तुझ्या चित्रातली हवा या आकड्यांवरून घडव, अंदाजाने नको.

प्रोग्रॅम लिहिताना अपवर्तनांक आहे तसा साठवू नकोस, त्यातून 1 वजा करून उरेल तेवढाच साठव. साध्या 32 बिटांच्या संख्येत सातेक अंकच टिकतात आणि आपला सगळा खेळ शेवटच्या दोन-तीन अंकांत आहे. जमिनीलगत किरणाची पावले बारीक ठेव, वर मोठी चालतील.

बर्गर, ट्राउट आणि लेव्हिट यांचा रे ट्रेसिंगने मृगजळ काढण्यावरचा 1990 चा लेख मिळव. पण त्याआधी रामन आणि पंचरत्नम यांचा 1959 चा निबंध वाच. तापलेल्या पृष्ठभागालगत किरण वळतात तिथे त्यांना उजेड-अंधाराचे पट्टे दिसले होते. नुसत्या किरणांच्या हिशेबात ते पट्टे येत नाहीत, तिथे प्रकाश लहर म्हणूनच धरावा लागतो. तुझा प्रोग्रॅम कुठवर खरा, हे त्यावरून तुला कळेल.

थर्मामीटर मी आणून ठेवतो. येताना लॅपटॉप घेऊन ये, आकडे तिथल्या तिथे भरू.

तुझा,
मामा