न्यायाधीश व्हायचंय? मग कोर्टाची पायरी चढा!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मुलांच्या करिअरला लावू नका. निकालात कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं येतं, पण बारावीनंतर घरोघरी चर्चा मेडिकल आणि इंजिनिअरिंगचीच. न्यायाधीशपदाचं नावही निघत नाही.

माजी सरन्यायाधीश उदय लळीत यांचं मूळ गाव देवगड तालुक्यातलं गिर्ये. वडील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, म्हणजे कायदा घरातच होता. तरीही 1983 मध्ये सनद घेतल्यावर ज्येष्ठ वकिलाचा दर्जा मिळायला 2004 उजाडलं. सर्वोच्च न्यायालयात नेमणूक 2014 मध्ये, सरन्यायाधीशपद 2022 मध्ये. हा पल्ला पालकांनी नीट पाहावा.

अमेरिकेत अनेक राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांचे न्यायाधीश मतदार निवडून देतात. आपल्याकडे वाट परीक्षेची आणि अनुभवाची. बारावीनंतर 5 वर्षांचा किंवा पदवीनंतर 3 वर्षांचा एलएलबी, प्रवेश सीईटीतून. मग सनद आणि बार परीक्षा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालात या पदासाठी किमान 3 वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला 7 वर्षं वकिली लागते, उच्च न्यायालयासाठी 10.

ही सुरुवातीची वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढली तरी वाया जात नाहीत. सामायिक माडबागेचा दावा घ्या. सातबाऱ्यावर डझनभर नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत, आणि साक्षीदार मालवणीत सांगतो की गडगा आधी माडाच्या पलीकडे होता. त्याचं बोलणं नेमकं समजणं, फेरफार वाचून खरं-खोटं निवडणं, हे क्लासमध्ये शिकवत नाहीत. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे उच्च न्यायालयातलं काम पाहायला आता मुंबई गाठायला नको.

विद्यार्थ्यांनो, सुट्टीत जवळच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. कोर्ट सर्वांना खुलं असतं. उलटतपासणी ऐका, रोज एक निकाल वाचा.

आणि पालकांनो, ज्युनिअर वकिलाच्या हातात सुरुवातीला फारसं काही पडत नाही. फीसोबत त्या 3 वर्षांच्या खर्चाचीही तजवीज आजच करा, आणि तोवर मुलांना कमाईचा हिशेब विचारू नका.