सेल्फ मारायच्या आधी

पोरी, जुनी ऑल्टो घेतलीस, हार घातलास, लिंबू-मिरची बांधलीस, गोरखनाथाच्या देवळापुढं फोटोही काढून घेतलास. बोनट उघडायची दांडी मात्र अजून चाचपडत शोधतेस! चांदोलीकडचा पाऊस शिराळ्यावर उतरला की जुन्या गाड्या सकाळी रुसायला लागतात, आणि मामाचा फोन वाजायला लागतो. म्हणून हे लिहून देतोय. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेव आणि गाडी अडली की सावकाश वाच.

१. आधी नीट ऐक, गाडी अडलीय म्हणजे नेमकं काय? सेल्फ फिरतच नाही, की सेल्फ फिरतो पण इंजिन उचलत नाही — हे दोन वेगळे आजार आहेत, आणि नुसतं ‘टक’ वाजत असेल तर कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेल्या तक्रारीचा आकडा, बघायची गरजच नाही, बॅटरी आणि अर्थची वायर बघ.

२. गाडीचं साल आणि इंजिनाची जात माहीत असू दे — कोड सगळ्याच गाड्या देत नाहीत. १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० कार्बोरेटरची होती, तिच्याकडं कोड मागून काही मिळायचं नाही. २००० च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणं, सर्रास आलं आणि घरोघरच्या गाड्यांत ईसीएम नावाचा छोटा संगणक बसला. तुझ्या गाडीत तो आहे, म्हणजे ती बोलते.

३. किल्ली ऑनवर आण, सेल्फ मारू नको, आणि चेक लाइट बघ. ती आत्ता लागलीच पाहिजे — लागली नाही तर ईसीएमला करंटच मिळत नाही, म्हणून फ्यूज आणि मेन रिले तपास. किंवा मग बल्बच गेलाय. लाइट बघून लोक घाबरतात, पण या घडीला ती न लागणं जास्त वाईट.

४. त्याच वेळी रेडिओ, पंखा बंद ठेवून मागच्या सीटकडं कान दे. दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची घरघर आली पाहिजे — नाही आली तर पंपाचा फ्यूज किंवा रिले, आणि बाळा, टाकीत पेट्रोल आहे का तेही बघ. काटा खोटं बोलतो.

५. किल्लीच्या चित्राची लाइट लुकलुकत राहिली तर दुसरी किल्ली लावून बघ — इमोबिलायझरला किल्ली ओळखता आली नाही की सेल्फ फिरला तरी इंजिन उचलत नाही. दुसरी किल्ली घरात ठेवावी, गाडीत नाही.

६. दोनशे-तीनशे रुपयांत मल्टीमीटर मिळतो, तो घेच. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, आणि सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीच दमलीय. आधी बॅटरी, मग बाकीची भानगड — व्होल्टेज पडलं की ईसीएम गोंधळतो आणि धडधाकट सेन्सरच्या नावानंही कोड टाकतो.

७. बोनट उघडण्याआधी त्याच्यावर दोन थापा मार. श्रावणात तर विसरूच नको — उसाच्या फडातला उंदीर पावसात ऊब शोधत इंजिनावर येतो, आणि त्याच्या मागावर कधी नागही येतो. दिसला तर काठी उचलायची नाही, बोनट हळू टेकवून लांब व्हायचं आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करायचा. नागपंचमीच्या शिराळ्याची तू, जास्त काय सांगू.

८. उंदराने कुरतडलेली वायर वरून दिसत नाही, हात फिरवून बघावी लागते. अर्थातच इंजिन गार असताना आणि किल्ली काढून. बॅटरीच्या खाली, इंजेक्टरच्या रांगेजवळ आणि मागच्या लोखंडी भिंतीला चिकटून गेलेल्या जुडग्यात बघ: वरचं आवरण दाताने सोलल्यासारखं गेलेलं असतं, आत तांब्याच्या दोन-चार तारा उरलेल्या असतात, आणि खाली भाताचा भुसा किंवा लेंड्या पडलेल्या असतात. दात उंदराचा, खर्च मालकाचा — तार तुटली की कोड येतो सेन्सरचा, आणि दुकानदार सेन्सर विकायला बसलेलाच असतो.

आता कोड वाचायचे कसे ते. इथं घाई करू नको, चहा घेऊन बस.

९. ओबीडी दोन म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगायची ठरलेली पद्धत; भारतात तिचा नियम २०१३ च्या एप्रिलपासूनचा. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असं नाही, आणि असलं तरी ब्लूटूथने मोबाइलवर कोड दाखवणारा स्वस्त अ‍ॅडाप्टर तिच्याशी बोलेलच असं नाही — जुन्या गाड्यांची भाषा वेगळी, त्यासाठी मिस्त्रीकडचा स्कॅनर लागतो.

१०. जुन्या एमपीएफआय मारुतीत डायग्नोसिसच्या कनेक्टरच्या ठरलेल्या दोन पिना जोडल्या की चेक लाइट लुकलुकून आकडा सांगते: एकदा लुकलुक, जरा थांबा, मग दोनदा, म्हणजे १२. तो आला तर ईसीएमची काही तक्रार नाही. कुठल्या पिना ते त्याच मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात बघ, अंदाजाने तार घालू नको — चुकीच्या पिनेत करंट गेला तर ईसीएम जळतो, आणि तो गाडीतला सगळ्यात महाग डबा.

११. अ‍ॅडाप्टर लावून त्याचा दिवाच लागला नाही तर सिगारेट लायटरचा फ्यूज बघ — पुष्कळ गाड्यांत दोघांना करंट एकाच फ्यूजातून जातो.

१२. कोड दिसला की आधी वहीत लिही. अक्षर, चारही आकडे, तारीख, किलोमीटर, पाऊस होता का ऊन. मगच बॅटरीला हात लाव — बॅटरीची वायर काढली की ईसीएमच्या आठवणीतले कोड पुसले जातात, आणि मग मिस्त्रीही अंधारात चाचपडतो.

१३. कोडचं पहिलं अक्षर पी असेल तर तक्रार इंजिन-गिअरची. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा — म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अर्थ आपल्या गाडीला लावू नये. गाडी उचलत नसताना हे चार ओळखीचे असू देत: पी०३३५ क्रँक सेन्सरचा, पी०३४० कॅम सेन्सरचा, पी०२३० पेट्रोल पंपाच्या सर्किटचा, पी०११८ पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा.

१४. आता सगळ्यात महत्त्वाचं. कोड म्हणजे लांबच्या बांधावरून हाक मारणारा शेजारी: गडबड कुठल्या अंगाला आहे ते कळतं, काय झालंय ते शिवारात जाऊनच बघावं लागतं. पी०३३५ आला म्हणजे क्रँक सेन्सर गेला असं नाही. सेन्सर, त्याचा कनेक्टर, तिथून ईसीएमपर्यंतची वायर, नाहीतर अर्थ, यातलं काहीही असेल — ईसीएमला फक्त एवढंच कळतं की सिग्नल आला नाही.

१५. म्हणून कोडच्या शेजारी लाइव्ह आकडेही बघ. सेल्फ मारताना आरपीएम शून्यावरच राहिला तर क्रँक सेन्सरच्या बाजूचा संशय पक्का होतो. आणि भर वैशाखात, जीव नकोसा झालेला असताना, स्कॅनर इंजिनाचं तापमान उणे ४० अंश सांगत असेल, तर शिराळ्यात बर्फ पडला नाही गं — सेन्सरचा कनेक्टर सुटलाय नाहीतर वायर तुटलीय. कनेक्टर दाबून बसव, आकडा जाग्यावर येतो का बघ.

१६. गरम गाडी बंद केली की लगेच उचलत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, असं होत असेल तर तेही वहीत लिही — क्रँक सेन्सर मरायला टेकला की पुष्कळदा असाच वागतो.

१७. कनेक्टर उघडून आत बघ. पिनांवर हिरवट थर असेल तर इलेक्ट्रिकचा क्लीनर फवारून मऊ ब्रशने साफ कर, काचपेपर लावू नको — पिनांचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात थर दुप्पट येतो. सेकंडहँड गाडीत सीटखालच्या वायरींवरही असा थर आणि गाळ दिसला, तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती बुडालेली होती का, ते घेणाऱ्याने विचारावं. पाण्यात बुडालेल्या गाडीचे कोड दर महिन्याला बदलतात.

१८. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी असेल तर दहाचा पाना घे, आधी मायनस काढ, लावताना मायनस शेवटी लाव — प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मायनसची वायर बॉडीला आणि इंजिनाला जिथं कसलीय तिथंही घासून साफ कर. जुन्या गाडीचे निम्मे आजार त्या बोल्टाखाली बसलेले असतात असं माझं ठाम मत आहे.

१९. सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर मारू नको, मध्ये अर्धा मिनिट थांब — मोटर तापते आणि बॅटरी बसते. पेट्रोलचा वास येत असेल तर एक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मार — बहुतेक एमपीएफआय गाड्या तेव्हा पेट्रोल तोडतात आणि भिजलेले प्लग सुकतात.

२०. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना लाल वायर दोन्हीकडं प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला — शेवटची ठिणगी बॅटरीच्या गॅसपासून लांब उडू दे. चालू इंजिनावर टर्मिनल काढून ‘चार्जिंग बघतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नको — व्होल्टेज उसळलं की ईसीएम जातो. मीटर लाव, चालू गाडीत १४ च्या आसपास असलं की झालं.

२१. वारणेचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी त्यात बंद पडली तर सेल्फ अजिबात मारू नको, कोड गेले खड्ड्यात — सिलिंडरात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढ आणि मिस्त्रीची वाट बघ.

२२. काम झालं की कोड पुसून दोन-तीन दिवस गाडी चालव, मग परत वाच — परत आला तर आजार खरा, नाही आला तर तो जुना. अ‍ॅडाप्टर सॉकेटात ठेवून झोपू नको — सॉकेटातली करंटची पिन बॅटरीला सतत जोडलेली असते, गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी बसते.

२३. आणि मिस्त्रीला फोन करताना नुसतं ‘दादा, गाडी बंद पडलीय’ म्हणू नको. सेल्फ फिरतो का, चेक लाइट लागते का, पंप वाजतो का, व्होल्ट किती, कोड कुठला, एवढं वहीत बघून सांग — कोकरूडला उभ्या गाडीसाठी तो पेठ नाक्यावरून निघणार असेल तर काय पिशवीत घालायचं ते त्याला तिथंच कळतं, आणि एक फेरी वाचते.