बहिऱ्या मुलाची भाषा

योहानाचे नाव ठेवण्याचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. जखऱ्याला विचारायचे होते तेव्हा जमलेल्यांनी त्याला खुणा केल्या आणि त्याने पाटी मागवून उत्तर लिहिले (लूक १:६२-६३). जखऱ्याजवळ भाषा होती, केवळ वाट बंद झाली होती. जन्मतः बहिऱ्या मुलाला मात्र भाषाच अजून मिळायची असते, आणि ती सहज मिळण्याची वर्षे थोडी असतात. या पाठात आपण त्याच वर्षांचा विचार करू.

अशी बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. ताट पडले तरी पाळण्यातले मूल दचकत नाही हे आजीच्या ध्यानात येते, पण घरात उत्तर तयार असते: "याचा बापही उशिराच बोलला होता." असे म्हणता म्हणता तीन वर्षे जातात. आम्ही हे एकाहून अधिक घरांत पाहिले आहे आणि कोणाला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही.

तज्ज्ञांचा नियम असा की, पहिल्या महिन्यात कानाची तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा. तपासणीचे यंत्र झोपलेल्या बाळाच्या कानाशी काही मिनिटे लावतात, दुखत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. अपुऱ्या दिवसांचे किंवा जास्त कावीळ झालेले बाळ, तसेच नात्यात लग्न झालेल्या दांपत्याचे बाळ असेल तर आपण होऊन तपासणी मागावी.

आता कायद्याकडे पाहू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. खुणांची भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत असेही त्यात आहे. उत्तम! पण सहावे वर्ष म्हणजे भाषेच्या दृष्टीने उशीर. शाळेत प्रथमच भाषा भेटणारे मूल अक्षरे गिरवते. अक्षरांमागचे शब्दच त्याच्याजवळ नसतात. खरी मदत पाळण्यापाशी हवी, आणि तिथेच ती सर्वांत विरळ आहे. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून लहान मुलांना श्रवणयंत्र मिळते, पात्र मुलांची कॉक्लियर शस्त्रक्रियाही होते. परंतु शस्त्रक्रियेने आवाज मिळतो, भाषा नव्हे. त्यानंतर महिनोन् महिने वाचा-प्रशिक्षण लागते. केंद्र दूर असेल तर रोजंदारीवरची आई बसभाडे कोठून आणणार?

"खुणा शिकवल्या तर मूल बोलायचे नाही" ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांना बाजूला सारले, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. खुणांमुळे बोलणे थांबते असे सिद्ध झालेले नाही. उलट, यंत्र मिळेपर्यंत मुलाला हातांची भाषा मिळाली तर त्याचे मन रिकामे राहत नाही.

बेळगावसारख्या ठिकाणी आणखी एक पेच असतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, फॉर्म इंग्रजीत. ओठ वाचणाऱ्या मुलाने कोणाचे ओठ वाचावेत? भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण यांपैकी कोणत्याच भाषेचे नाही, ते तिचे स्वतःचे आहे. दिल्लीत २०१५ साली तिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, ते २०२१ मध्ये १०,००० झाले. चित्रफिती मोबाइलवर फुकट पाहता येतात. मराठी माणसांना मुंबईचे अली यावर जंग राष्ट्रीय संस्थान, सीमाभागाला म्हैसूरचे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थान आणि हैदराबादकरांना सिकंदराबादचे केंद्र, येथे तपासणी व मार्गदर्शन मिळते.

आपल्या शब्बाथ शाळेत असे मूल मागच्या बाकावर बसून चित्रे रंगवत असते. शिक्षिकेने आधी त्याच्या आईला विचारावे की, घरी 'पाणी' कसे सांगता, 'आजी' कशी सांगता. आणि त्या खुणा वर्गातल्या इतर मुलांनाही शिकवाव्यात. मुले त्या एका तासात उचलतात. आम्हां मोठ्यांना वेळ लागतो.