नावेच्या यंत्रांतील गळती

भाटघरचें धरण येळवंडी नदीवर १९२७ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यावर जो यंत्राची नाव ठेवील, त्यानें ‘स्टर्नड्राइव्ह’ची गळती ओळखण्यास शिकावें. यांत इंजिन नावेंत, तर दांतेचक्रें व पंखा मागील अंगास पाण्यांत असतात.

पाण्यावर तेलाचा तवंग दिसतांच पुष्कळजण वरून तेल घालून मोकळे होतात. आमच्या मतें हें घातक होय. जेथून तेल जातें, तेथूनच पाणी शिरतें. आणि पाण्यानें दांते व बेअरिंगें गंजतात.

परीक्षा सोपी आहे. नाव रात्रभर उभी ठेवून सकाळीं खालचा स्क्रू किंचित् सैल करावा. प्रथम पाणी आलें, किंवा तेल दुधासारखें पांढुरकें निघालें, तर गळती निश्चित समजावी. मग तेल काढून, पुस्तिकेंत सांगितला असेल तितकाच हवेचा दाब द्यावा व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें दोष.

बहुधा पंख्यामागें गुंडाळलेल्या मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानें सील कापलेलें असतें, अथवा स्क्रूची चकती जुनी झालेली असते. दोन्ही नवीं घालावीं. नावेच्या तळांत पाणी सांचत असेल, तर घड्यांची रबरी नळी तपासावी. नवें तेल खालच्या भोंकांतून, वरच्या भोंकांतून बाहेर येईपर्यंत भरावें.

उन्हाळ्यांत पाणी ओसरतें, तेव्हांच हें काम उरकावें. भर पावसांत मध्यपाण्यांत यंत्र थांबल्यास नावेंतील माणसांचा जीव धोक्यांत येतो.